नेसरीकर साहेब आणि आपल्या गल्ल्या



सुनील नेसरीकर हे नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करायला सांगत नाही. मुंबईच्या एखाद्या नटाचा वाढदिवस आपल्याला पाठ असतो, पण शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख आगीत भाजून गेला, हे आपण विसरलो. म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलायचं ठरवलं.

९ मे २०१५, शनिवार. काळबादेवीतल्या जुन्या हनुमान गल्लीत गोकुळ निवास नावाच्या इमारतीला आग लागली. जुनी, लाकडी बांधणीची इमारत. रहिवासी बाहेर काढले गेले, पण आग आटोक्यात येत नव्हती आणि इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी जागीच गेले. सुधीर अमीन आणि स्वतः प्रमुख नेसरीकर गंभीर भाजले. काही दिवसांनी अमीन गेले आणि २४ मे रोजी ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये नेसरीकर साहेबही. एका आगीत दलाचे चार अधिकारी.

मला अडकवून ठेवते ती एकच गोष्ट. प्रमुख तिथे होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला की सर्वांत नवा मुलगा जागा राहतो आणि साहेब सकाळी ईमेल वाचतात. शिवाय आमचं बिघडलं तर जुनं व्हर्जन परत लावता येतं. या माणसांना ती सोय नव्हती.

आता जरा इंजिनिअरसारखं बोलतो. लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून लोकांना वाटतं की गर्डर आहे, काळजी नाही. पण साडेपाचशे अंशांच्या सुमारासच त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. लाकडी तुळई बाहेरून हळूहळू कोळसा होते. मधला गाभा बराच वेळ टिकतो, पण जिथे ती भिंतीत किंवा खांबात बसवलेली असते तो सांधा आधी जातो. बाहेर उभ्या माणसाला इमारत शाबूत दिसते. आत शिरणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असतं, तरीही तो शिरतो, कारण कोणी आत राहिलंय का हे बाहेरून कळत नाही.

आणि अशा इमारती कुणाच्या आहेत? डोंगरी, भेंडीबाजार, मदनपुरा डोळ्यांसमोर आणा. खाली दुकान, वर बॅगांचा नाहीतर जरीचा कारखाना, पोटमाळ्यावर झोपणारे कारागीर, जिन्यात मालाची पोती, मीटरच्या पेटीतून लोंबणाऱ्या वायरी. आग लागली की आपण 'मुकद्दर' म्हणून मोकळे होतो. जिन्यातली पोती मुकद्दरने ठेवलेली नसतात. महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो, तिथल्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आपल्यातल्या कारखानदारांना, आपल्याच चाचा-मामूंना, ते कधी दिलं होतं असं विचारायला काय हरकत आहे? राग येईल त्यांना. येऊ द्या.

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात चार-पाच जणांनी मिळून जवळच्या अग्निशमन केंद्रात जा. नेसरीकर साहेबांचं नाव काढा. जुने जवान बोलते होतील. मग विचारा, आमच्या गल्लीत तुमची गाडी कुठपर्यंत येते, आणि शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते? उत्तर मीटरमध्ये मागा आणि गल्लीत परत येऊन टेपने मोजा.