गुरांचे घोरणे आणि डबक्यातली गोगलगाय

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



गोठ्यातला बैल रात्री घोरायला लागला की आपण काय म्हणतो? "सर्दी झाली असेल, होईल बरा." चार दिवस वाट पाहतो. कुणी ओव्याची धुरी देतो, कुणी नाकात तेल सोडतो. महिना उलटतो, दोन महिने उलटतात. घोरणे थांबत तर नाहीच, उलट वाढत जाते. नाकातून घट्ट शेंबूड येतो, कधी त्यात रक्ताची रेघ दिसते. नांगराला जुंपला की बैल थोड्याच वेळात तोंड उघडून धापा टाकतो. ऐन पेरणीत जोडी मोडते. मग असा बैल पडेल त्या किमतीला बाजारात जातो.

मंडळी, प्रत्येक घोरणे म्हणजे सर्दी नव्हे. नाकात जळू गेली, गाठ झाली किंवा दुसरे काही दुखणे असले तरी जनावर घोरते. पण तळ्याकाठच्या, ओढ्याकाठच्या गावांत गुरे महिनोन् महिने घोरत असतील, तर नाकातल्या रक्तकृमीचा संशय आधी घ्यावा. शास्त्रज्ञ या कृमीच्या कुळाला 'शिस्टोसोमा' म्हणतात. नाकात राहणाऱ्या या जातीचे वर्णन त्या वेळच्या मद्रास इलाख्यात राव नावाच्या संशोधकांनी १९३३ साली केले. तेव्हा हा रोग काही परदेशातून आलेला नाही. तो आपल्याच देशातला, आपल्याच पाणवठ्यावरचा आहे.

हा कृमी दिसतो कसा आणि करतो काय? दोऱ्यासारखा बारीक, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. नर आणि मादी जोडीने जनावराच्या नाकातल्या शिरांमध्ये राहतात. मादी तिथेच अंडी घालते. अंडे कोयत्यासारखे वाकडे आणि टोकदार. या अंड्यांमुळे नाकाच्या आतल्या नाजूक कातडीला सूज येते, आणि पुढे तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी वाढतात. श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून ते घोरणे.

आता खरी गोष्ट ऐका. हा कृमी एका बैलाच्या नाकातून थेट दुसऱ्या बैलाच्या नाकात जाऊ शकत नाही. शेजारी बांधले म्हणून लागण होत नाही. त्याला मध्ये एक मुक्काम करावाच लागतो, आणि तो मुक्काम म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय.

आजारी जनावर तळ्यावर पाणी प्यायला तोंड घालते, फुरफुरते, शिंकते. शेंबडाबरोबर अंडी पाण्यात पडतात. पाण्यात अंडे फुटून डोळ्यांना न दिसणारे पिल्लू बाहेर पडते आणि गोगलगाय शोधत पोहू लागते. साधारण एका दिवसात गोगलगाय सापडली नाही तर ते मरते. सापडली तर तिच्या अंगात शिरते आणि तिथे त्याची वाढ होते. वाढ तरी कशी? एक दाणा पेरावा आणि कणसे भरून यावीत तशी! काही आठवड्यांनी त्या एका गोगलगायीतून शेकड्यांनी नवी पिल्ले पाण्यात सुटू लागतात. त्यांची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. गुरे पाण्यात उतरली की ही पिल्ले त्यांच्या कातडीतून आत शिरतात आणि रक्तावाटे हिंडत शेवटी नाकाच्या शिरांत जाऊन बसतात. मात्र पाण्यात सुटल्यावर दिवस-दोन दिवसांत जनावर मिळाले नाही, तर तीही मरतात.

म्हणजे बघा, या साखळीत दोन कच्चे दुवे आहेत. आजारी नाकातले अंडे गोगलगायीपर्यंत पोचू दिले नाही, तर साखळी तुटली. गोगलगायीतून निघालेले पिल्लू निरोगी कातडीपर्यंत पोचू दिले नाही, तरी तुटली. आणि हे दोन्ही आपल्या हातात आहे.

ही गोगलगाय ओळखायची कशी? पावसाळ्यात बागेत, भाजीवर फिरते ती ही नव्हे. ही पाण्यातच राहते. तिचा शंख तपकिरी, चपटा, जिलेबीच्या वेटोळ्यासारखा गुंडाळलेला असतो. मोठी झाली तरी रुंदी दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत. उलटी करून पाहा. भातखाचरातल्या मोठ्या गोल गोगलगायीच्या तोंडाला झाकण असते; हिला झाकण नसते. गावतळे, बोडी, पाटाची चारी, हापशाखालचे डबके, शेवाळ आणि पाणगवत माजलेले संथ पाणी ही तिची राहण्याची ठिकाणे. पाणवनस्पतीच्या पानाखाली ती जेलीसारख्या पुंजक्यांत अंडी घालते. एकटी गोगलगायसुद्धा प्रजा वाढवू शकते. आणि तळे आटले म्हणून ती संपली असे समजू नका. ती चिखलात दडून राहते आणि पाणी आले की पुन्हा वर येते.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा कृमी म्हशीलाही होतो, पण म्हैस बहुधा गाई-बैलाइतकी घोरत नाही. अंगाने धडधाकट दिसते, दूध देते, दुपारभर डबक्यात डुंबते, आणि नाकावाटे अंडी पाण्यात सोडत राहते. म्हणून गोठ्यात एक बैल घोरू लागला तर तपासणी एकट्या बैलाची करून भागत नाही. सगळी दावण तपासून घ्या.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे पशुवैद्यकीय दवाखाना. जनावर दाखवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. डॉक्टर नाकातला शेंबूड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वाकडे अंडे दिसले की रोग पक्का. यावर औषध आहे, पण ते कोणते आणि किती द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. एका मात्रेत काम होईलच असे नाही. सांगितले असेल तेवढे पूर्ण करा. पोटातल्या जंतांसाठी दुकानातून आणलेले नेहमीचे औषध इथे लागू पडेल या भरवशावर बसू नका. तिकडे पैसे जातात आणि इकडे घोरणे तसेच राहते.

पण औषध देऊन बैल बरा केला आणि पुन्हा त्याच डबक्यात उतरवला, तर काय साधले? म्हणून दुसरा उपाय, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: गुरांना पाण्याकडे नेऊ नका, पाणी गुरांकडे आणा. विहिरीचे किंवा हापशाचे पाणी हौदात, डोणीत भरा आणि तिथे पाजा. गुरांचे पाय कोरडे राहिले आणि नाक तळ्यात गेले नाही, की दोन्ही दुवे एकदम तुटतात. तळ्याचेच पाणी वापरावे लागत असेल तर ते गाळून, गोगलगाय येणार नाही अशा बेताने भरा आणि दोन दिवस स्थिर ठेवून मग पाजा. तोवर त्यातली पिल्ले मरून जातात.

तुम्ही म्हणाल, "साहेब, एका बैलाला दिवसाला तीन-चार घागरी पाणी लागतं. एवढं ओढायचं कुणी?" खरे आहे. हे काम बहुधा घरच्या बाईच्या डोक्यावर येते. म्हणून सगळे एकदम करायला जाऊ नका. सुरुवात घोरणाऱ्या जनावरापासून करा. त्या एकाला बरे होईपर्यंत गोठ्यातच पाजा. एवढ्याने गावच्या पाण्यात पडणारी कितीतरी अंडी वाचतील. पुढे ग्रामसभेत विषय काढा आणि विहिरीजवळ गुरांसाठी हौद बांधून घ्या. हौदाभोवती दगड किंवा मुरूम टाका, सांडपाण्याला वाट काढून द्या. नाहीतर हौदाशेजारीच नवे डबके तयार होईल!

पोळ्याच्या सणाला सगळ्या गावची गुरे एकाच तळ्यात धुतली जातात. भर पावसाळ्याचे दिवस, तळे भरलेले, पाणगवत माजलेले. सण जरूर करा. पण बैल विहिरीच्या पाण्याने धुवा किंवा वाहत्या धारेला न्या. वाहत्या पाण्यात या गोगलगायी फारशा टिकत नाहीत.

तिसरा उपाय गोगलगाय कमी करण्याचा. पाणवठ्यातले शेवाळ आणि पाणगवत काढून उन्हात वाळवा. त्याबरोबर तिची अंडीही जातात. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढा. गावात बदके पाळता आली तर उत्तम. ती गोगलगायी आवडीने खातात. नारळाचा झाप रात्रभर पाण्यात टाकून ठेवला तर गोगलगायी त्याला चिकटतात. सकाळी झाप बाहेर ओढून त्या जाळून किंवा खोल पुरून टाका. हे काम करताना हातापायांना पाणी लागू देऊ नका, गमबूट घाला. मात्र कुणी सांगितले म्हणून तळ्यात मोरचूद ओतू नका. त्याने मासे मरतील आणि तेच पाणी प्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांनाही विषबाधा होईल.

याच पाणवठ्यावर रक्तकृमीचा एक भाऊबंद राहतो, तोही ओळखून ठेवा. तो म्हणजे यकृतातला पर्णकृमी. त्याचा मुक्काम दुसऱ्या गोगलगायीत, कानाच्या आकाराच्या, टोकदार, पातळ शंखाच्या. याची पिल्ले कातडीतून शिरत नाहीत. ती पाण्याकाठच्या गवताला चिकटून बसतात आणि चाऱ्यावाटे पोटात जातात. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबते. म्हणून पाणथळीतले हिरवे गवत टाळा. पाणी साचलेल्या खाचरातला पेंढा असेल तर बुडखा कापून बाजूला काढा आणि वरचा पेंढा कडक उन्हात चांगला वाळवून मगच घाला.

"आणि माणसांचं काय?" असा प्रश्न कुणाच्या तरी मनात आला असेल. गुरांच्या रक्तकृमीची पिल्ले माणसाच्या कातडीत शिरतात, पण वाढत नाहीत, तिथेच मरतात. मात्र त्या जागी पुरळ उठते, खाज सुटते. भातलावणीनंतर पायाला येणाऱ्या खाजेचे हे एक कारण असू शकते. माणसाला होणारा रक्तकृमीचा रोग मुख्यत्वे आफ्रिकेत आहे. आपल्याकडे तो क्वचितच आढळला. पण आढळला तो आपल्याच कोकणात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी लोकांना लघवीवाटे रक्त जात असे. गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ साली तो हाच रोग असल्याचे दाखवून दिले. पुढे तिथल्या पाण्यातल्या इवल्याशा, टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायीकडे त्यांनी बोट दाखवले. तेव्हा लघवीत रक्त दिसले तर लाजू नका, दवाखान्यात जा. आणि मुलांना ओढ्यात, तळ्यात लघवी करू देऊ नका.

हे सगळे जमण्यासारखे आहे का? जपानकडे पाहा. तिथल्या यामानाशी प्रांतात कोफू नावाचे भातशेतीचे खोरे आहे. रक्तकृमीच्या एका जातीने तिथली माणसे आणि गुरे पिढ्यान् पिढ्या पोखरली होती. पोट फुगून लोक मरत. मियाईरी आणि सुझुकी यांनी १९१३ साली जपानमध्ये या कृमीची गोगलगाय शोधून काढली. मग कोफूचे शेतकरी जेवायच्या काड्यांनी बांधावरच्या गोगलगायी वेचू लागले. पुढे पाटाच्या चाऱ्या सिमेंटने बांधून काढल्या, रोग्यांना औषधे दिली. हे काम चिकाटीने कित्येक वर्षे चालले आणि १९९६ साली तिथे रोग संपल्याचे जाहीर झाले. एका शेतकऱ्याने आपली चारी साफ केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर हे झाले नसते. सगळ्या खोऱ्याने मिळून केले म्हणून झाले.

म्हणूनच शेवटी एक कळकळीची विनंती. घोरणारे जनावर गुपचूप बाजारात नेऊन विकू नका. तुमच्या दावणीतून रोग गेला असे तुम्हाला वाटेल. पण तो दुसऱ्याच्या तळ्यात जाऊन वाढेल. आणि आपले तळे तर आधीच नासलेले असते. नवा बैल आणला की तोही घोरू लागतो. आधी उपचार करा, मग काय तो व्यवहार करा. घेणाऱ्यानेही नाक, श्वास नीट पाहून, शंका असली तर डॉक्टरांना दाखवूनच पैसे मोजावेत.

ध्यानात ठेवा:

१. महिनाभर घोरणारे जनावर सर्दीचे समजू नका. नाकातला शेंबूड तपासून घ्या.
२. एक घोरते तेव्हा म्हशींसह सगळी दावण तपासा.
३. आजारी जनावराला गोठ्यातच पाणी पाजा.
४. हौद बांधा. तळ्यात गुरे डुंबवू नका.
५. शेवाळ, पाणगवत आणि गाळ काढा. मोरचूद टाकू नका.
६. पाणथळीचा चारा वाळवून घाला.
७. रोगी जनावर विकून रोग दुसऱ्याच्या गावी धाडू नका.

उद्या सकाळी गुरे सोडण्याआधी पाणवठ्यावर एक चक्कर मारा. काठाचे पाणगवत काठीने उचलून पाहा. जिलेबीच्या वेटोळ्याचे शंख दिसले, तर कामाला कुठून लागायचे हे तुम्हाला कळलेच.