लंगोट केव्हां सुटावा?



आजचा माझा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असें कित्येकांना वाटेल. परंतु ज्या घरांत दोन वर्षांचें मूल आहे, त्या घरांत दिवसाकाठीं दहा वेळां निघतो तो हाच विषय. मूल शी-शू सांगूं केव्हां लागणार? शेजारचें मूल दीड वर्षाचें असतांनाच सांगत होतें, मग आपलेंच मागें कां? बालवर्गांत नांव घालण्याचे दिवस तर जवळ आले, आणि तेथें मूल सांगणारें हवें. या प्रश्नांच्या कात्रींत आई सांपडते, आणि तिच्याबरोबर मूलहि सांपडतें.

प्रथम आजीबाईंची बाजू ऐकूं. आमच्या वेळीं सहा महिन्यांचीं मुलेंसुद्धां लंगोट ओला करीत नसत, असें त्या सांगतात. आणि तें अगदींच खोटें नाहीं. आई मोरींत बसे, पायांवर बाळाला बसवी आणि तोंडानें ‘शूऽ शूऽ’ असा आवाज काढी. रोज त्याच वेळीं, त्याच आवाजाबरोबर बाळ मोकळें होई. ही रीत प्रेमळ आहे. ज्यांना जमेल त्यांनीं ती खुशाल पाळावी. मात्र तेथें वेळ ओळखीत असे ती आई, बाळ नव्हे. आपली कळ आपल्याला समजणें, ती क्षणभर धरून ठेवणें, भांड्यापर्यंत चालत जाणें, चड्डी खालीं करणें आणि मग अंग सैल सोडणें, ही निराळी विद्या आहे. तिला मेंदूची व मज्जातंतूंची वाढ लागते, आणि ती वाढ आपल्या घाईनें होत नाहीं.

अमेरिकेंत मर्टल मॅक्ग्रॉ नांवाच्या विदुषीनें जुळ्या मुलांवर केलेले प्रयोग १९४० सालीं प्रसिद्ध झाले. जोडीपैकीं एकाला तान्हेपणापासून नेमानें भांड्यावर धरीत. दुसऱ्याचा आरंभ पुष्कळ उशिरां केला. उशिरां बसलेल्यानें थोडक्याच काळांत पहिल्याची बरोबरी गांठली. पुढें १९६२ सालीं डॉ. ब्रेझल्टन यांनीं ११७० मुलांचा अनुभव मांडला. मुलाची तयारी पाहून शिकविलें असतां, दिवसां कोरडें राहण्याचें वय सरासरीनें २८ महिन्यांच्या सुमारास आलें. सरासरी म्हणजे कोणी आधीं, कोणी नंतर, हें अर्थात् ध्यानांत ठेवावें.

मग ही तयारी ओळखावी कशी? मूल दोन-दोन तास कोरडें राहूं लागतें. शौचाची वेळ बहुधा ठराविक होते. कळ आली कीं खेळतां खेळतां तें थबकतें, किंवा पडद्यामागें, कपाटाआड जाऊन उभें राहतें. ओला लंगोट त्याला नकोसा होतो. ‘चेंडू आण, टोपलींत टाक’ एवढें सांगितलेलें तें समजतें व करतें. स्वतः चालतें, बसतें, चड्डी ओढूं पाहतें. हीं चिन्हें साधारणपणें दीड वर्षानंतर एकेक करून दिसूं लागतात. बहुतेक दिसलीं कीं आरंभ करावा. मात्र घरांत नवें भावंड आलें असेल, बिऱ्हाड बदललें असेल किंवा मूल आजारांतून उठलें असेल, तर थोडें थांबावें.

आरंभ म्हणजे लहानसें भांडें, जेवणानंतरचीं पांच मिनिटें आणि आईचें किंवा बाबांचें जवळ बसणें. मोठ्या कमोडवर बसवावयाचें असेल, तर पायांखालीं पाट द्यावा. पाय लोंबकळत असले कीं मुलाला जोर करतां येत नाहीं आणि पडण्याची भीति वाटते. डायपर ओल शोषून घेतो, म्हणून मुलाला आपण ओले झालों हें कळत नाहीं. घरीं असतांना दिवसां साधी सुती चड्डी घालावी. सांडलें तर पुसावें, आणि पुसतांना कपाळाला आंठी नसावी.

या आंठीविषयीं मीं अनुभवानें बोलतें. माझा थोरला मुलगा दोन वर्षांचा होता. पाहुण्यांदेखत त्यानें चड्डी भरविली, आणि मीं त्याला सर्वांसमोर हिणविलें. दुसऱ्या दिवसापासून त्यानें शौच दाबून धरण्यास आरंभ केला. चौथ्या दिवशीं तो भिंतीला टेकून, पाय आंवळून उभा होता. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनीं मला शांतपणें समजाविलें : “बाई, हा हट्ट नव्हे, ही भीति आहे. मळ कडक झाला कीं दुखतें. दुखतें म्हणून मूल दाबतें. दाबलें कीं तो अधिक कडक होतो.” मळ मऊ होण्याचें औषध त्यांनीं दिलें, आणि भांडें दोन महिने माळ्यावर टाकण्यास सांगितलें. माझ्या एका वाक्याची ती किंमत होती, आणि ती मुलानें भरली. भांडें पुन्हां खालीं आलें तेव्हां तो पावणेतीन वर्षांचा होता. आठवडाभरांत तो आपणहून बसूं लागला.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. पांच वर्षांपर्यंत अंथरूण ओलें होणें हा रोग नव्हे, आणि गुन्हा तर नव्हेच. परंतु लघवीला जळजळ होत असेल, शौचाबरोबर रक्त जात असेल, कोरडें राहणारें मूल एकाएकीं पुन्हां ओलें होऊं लागलें असेल, किंवा चार वर्षें झालीं तरी दिवसां ताबा येत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावें.

परवां माझ्या सुनेनें विचारलें, “आई, आतां सुरुवात करूं कां?” नातू पावणेदोन वर्षांचा आहे. तो शी झाल्यावर सांगतो, आधीं नाहीं. मीं म्हटलें, “भांडें आणून ठेव. त्यावर त्याची बाहुली बसूं दे, तोहि कपड्यांसकट बसूं दे. पुढचें तो सांगेल.” सध्यां त्या भांड्यांत चेंडू ठेवलेला असतो, आणि घरांत कोणालाहि त्याची घाई नाहीं.