यू राजाचा पूर आणि आनयांगची हाडे

श्रोतेहो, चीन देशातल्या मुलांना लहानपणीच एक गोष्ट ऐकायला मिळते. फार प्राचीन काळी पीत नदीला असा पूर आला, की शेते, गावे, सगळे पाण्याखाली गेले. गुन नावाच्या माणसावर पाणी आवरण्याचे काम सोपवले गेले. त्याने बांधामागून बांध घातले आणि नदीने ते फोडले. मग त्याचा मुलगा यू पुढे आला. त्याने पाणी अडवण्याचा नाद सोडला, नद्यांची पात्रे मोकळी केली, चर खणले आणि पाणी समुद्राकडे काढून दिले. या कामावर असताना तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण घरात पाऊल टाकले नाही. हाच यू पुढे राजा झाला व त्याने श्या नावाचे राजघराणे स्थापले, अशी परंपरा आहे.

गोष्ट सुरेख आहे. ज्याने डोळ्यांदेखत बांध फुटलेला पाहिला आहे, त्याला तर ती लगेच पटेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाचे गोष्ट पटून भागत नाही. तो विचारतो, ही कोणी सांगितली? केव्हा सांगितली? आणि सांगणारा घटनेपासून किती लांब उभा होता?

आता पाहा हं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मेन्शियस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. तो सांगतो, यू आठ वर्षे घराबाहेर होता. पुढे इ. स. पूर्व १०० च्या सुमारास सिमा च्येन या थोर इतिहासकाराने चीनचा समग्र इतिहास लिहिला. त्यात यू तेरा वर्षे घराबाहेर आहे. मधल्या दोन-अडीचशे वर्षांत वनवास पाच वर्षांनी वाढला! आणि यू खरोखरच होऊन गेला असेल तर तो परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व २००० च्या आसपासचा. म्हणजे सिमा च्येन त्याच्यापासून जवळजवळ एकोणीसशे वर्षे लांब. सिमा च्येनला बोल लावण्याचे कारण नाही. तो सावध लेखक होता. सालवार तक्ता त्याने इ. स. पूर्व ८४१ पासूनच दिला आहे. त्यापूर्वीची साले त्याने मांडली नाहीत.

१९२३ साली गू च्येगांग या तीस वर्षांच्या चिनी अभ्यासकाने याच वाढीकडे बोट दाखवले. हा गृहस्थ विद्यार्थिदशेत पेकिंगला नाटकांचा भारी शौकीन होता. एकच कथा निरनिराळ्या खेळांत कशी बदलते, पात्रे कशी वाढतात, हे त्याने पाहून ठेवले होते. मग हीच नजर त्याने जुन्या ग्रंथांकडे वळवली, तेव्हा काय दिसले? सर्वांत जुन्या ग्रंथांत सर्वांत प्राचीन पुरुष म्हणून येतो तो यू. कन्फ्यूशियसच्या काळापर्यंत यूच्याही आधीचे याओ आणि शुन हे राजे आले. आणखी दोनशे वर्षांनी त्यांच्याही आधीचा ह्वांगदी, म्हणजे पीत सम्राट, आला. आणि सृष्टीच्या आरंभीचा पान्गू, तो तर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या लिखाणात प्रथम भेटतो. कडब्याची गंज रचताना शेवटी आलेली पेंढी सर्वांत वर बसते, तसे हे झाले. जो राजा सर्वांत उशिरा रचला गेला, तो वंशावळीत सर्वांत आधी जाऊन बसला.

तरुण माणूस, नवा विचार. थोडा तोल सुटलाच. यू हा माणूस नव्हेच, प्राचीन भांड्यांवर कोरलेला एखादा सरपटणारा प्राणी असावा, असेही गूने लिहिले. लोकांनी थट्टा केली आणि त्याने पुढे ते मत सोडून दिले. गंजीची कल्पना मात्र टिकली.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पुढची हकीकत मुद्दाम ऐकावी. गूने एका सहकाऱ्याबरोबर मुलांसाठी इतिहासाचे पाठ्यपुस्तक लिहिले होते, आणि त्यात या आदिसम्राटांना खरे ऐतिहासिक पुरुष म्हणून स्थान दिले नव्हते. १९२९ साली नानकिंग सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. आक्षेप असा, की आपण सारे एकाच पूर्वजाची लेकरे आहोत या श्रद्धेवर राष्ट्राची एकी उभी आहे. ती श्रद्धाच काढून घेतली तर उरेल काय? देश संकटात असताना हा प्रश्न अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण पूर्वज खरा होता की नाही, हे सरकारी हुकुमाने ठरत नाही, हेही तितकेच खरे.

मग ते ठरते कशाने? यासाठी आपल्याला आनयांगला जायला हवे.

आनयांग हे उत्तर चीनमधले गाव. त्याच्याजवळच्या श्याओतुन खेड्यात शेतकऱ्यांना नांगरताना जुनी हाडे सापडत. ती 'ड्रॅगनची हाडे' म्हणून औषधवाल्यांना विकली जात. १८९९ मध्ये पेकिंगमधल्या वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याने अशा हाडांवरची अक्षरे ओळखली. तो तापाने आजारी होता आणि स्वतःच्याच औषधाच्या पुडीत त्याला ती अक्षरे दिसली, अशी एक गोष्ट पुस्तकापुस्तकांतून सांगतात. पण ही गोष्ट छापली गेली ती सुमारे तीस वर्षांनी, आणि औषधवाले तर हाडे कुटून देत! पाहिलेत ना, दंतकथा तयार व्हायला हजार वर्षे लागतातच असे नाही.

ही हाडे म्हणजे बैलाच्या खांद्याची हाडे आणि कासवाच्या पोटाकडचे कवच. शांग घराण्याचे राजे त्यांना उष्णता देऊन तडे पाडीत आणि तड्यांवरून कौल घेत. प्रश्न हाडावरच कोरून ठेवीत. पाऊस पडेल का? पीक येईल का? राजाचा दात दुखतो, तो कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे? आता सांगा, गौरवकथा रचणारा कवी राजाची दातदुखी कशाला रचील? हा त्याच दिवसांतला, त्याच दरबारातला पुरावा. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांत जो फरक मानतात, तोच इथे आहे.

१९१७ मध्ये वांग ग्वोवेई या पंडिताने हाडांवरची राजांची नावे सिमा च्येनच्या यादीशी ताडून पाहिली. एका मोडक्या हाडाचे दोन तुकडे दोन वेगळ्या संग्रहांत गेले होते. ते जुळवल्यावर ओळीने नावे वाचता आली. यादी बहुतांशी बरोबर निघाली! काही पूर्वजांचा क्रम तेवढा सिमा च्येनकडे चुकला होता. शांग राज्य बुडाल्यानंतर जवळजवळ साडेनऊशे वर्षांनी लिहिणाऱ्या माणसाची ही अचूकता. संशय घेणाऱ्यांनाही त्यामुळे जरा थबकावे लागले. जुन्या ग्रंथात आहे म्हणून खरे नव्हे, तसे जुन्या ग्रंथात आहे एवढ्यावरून खोटेही नव्हे.

उलटही होते. १९७६ मध्ये आनयांगलाच एक न लुटलेली कबर सापडली. आत साडेचारशेहून अधिक काशाच्या वस्तू, साडेसातशे पाषाणमणी व कोरीव वस्तू, जवळजवळ सात हजार कवड्या. शंभराहून अधिक भांड्यांवर नाव होते फू हाओ. ही वू दिंग राजाची राणी. हाडांवर तिची नोंद पुष्कळ ठिकाणी आहे. तेरा हजारांच्या सैन्याची मोहीम तिच्या नावावर आहे. तिच्या बाळंतपणाविषयीही कौल घेतला होता, आणि निकाल कोरला आहे, की चांगले झाले नाही, मुलगी झाली. एवढी मोठी बाई, पण सिमा च्येनच्या इतिहासात तिचे नावसुद्धा नाही.

मग आपल्या यू राजाचे काय? २००२ मध्ये पेकिंगच्या एका संग्रहालयाने काशाचे एक भांडे मिळवले. त्यावरच्या लेखात, देवलोकाच्या आज्ञेने यूने जमीन नीट केली व नद्या मोकळ्या केल्या, असे म्हटले आहे. भांडे सुमारे २९०० वर्षांपूर्वीचे. यावरून गोष्ट तितकी जुनी आहे हे ठरले. माणूस होता हे ठरले नाही. २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात इ. स. पूर्व १९२० च्या सुमाराच्या प्रचंड पुराच्या खुणा दाखवल्या. इतर भूशास्त्रज्ञांनी त्यावर हरकती घेतल्या. आणि पूर खरा ठरला तरी तो आवरणाऱ्याचे नाव गाळात लिहिलेले नसते.

राहिले श्या घराणे. १९५९ मध्ये जुन्या ग्रंथांतले उल्लेख हाताशी धरून त्याची राजधानी शोधायला निघालेल्या संशोधकांना लोयांगजवळ अर्लितोउ येथे मोठे नगर लागले. राजवाड्यांचे चौथरे, आखलेले रस्ते, काशाची भांडी. काळही साधारण जुळतो. चीनमधल्या बहुतेक विद्वानांच्या मते हीच श्या राजधानी. बाहेरचे अनेक विद्वान अजून मान हलवतात, कारण तिथे मडक्यांवरच्या काही खुणा सोडल्या तर लेख म्हणून काही सापडलेला नाही, आणि आनयांगच्या हजारो हाडांवरही श्या घराण्याचा निर्विवाद उल्लेख नाही. नगर खरे आहे, त्याचे रस्ते मोजता येतात. पण तिथे राहणारी माणसे स्वतःला काय म्हणवून घेत, हे सांगणारे एकही अक्षर अजून हाती आलेले नाही.