खंदक बुजवण्याआधी

वाशी, भूम, कळंब या आपल्या भागात पाण्याचा विषय निघाला की बोलणं बोअर आणि टँकरवर येऊन थांबतं. ड्रेनेजच्या पाइपात भूजल शिरतं, ही अडचण आपल्याला मुंबईकरांची वाटते.

मुंबईत ती आहेच. तिथल्या भूमिगत मलवाहिन्यांची सुरुवात १८६०च्या दशकातली. जुन्या शहरात विटांच्या अंडाकृती वाहिन्या बांधल्या गेल्या. समुद्र शेजारी, भूजल हाताशी. सांधे उकलले की बाहेरचं पाणी आत शिरतं आणि येताना माती घेऊन येतं. वर पोकळी होते, रस्ता खचतो. शिवाय पंपांनी उपसायचं आणि शुद्धीकरण केंद्राने साफ करायचं, त्यातलं काही पाणी स्वच्छच!

गळती ओळखायची एक सोपी खूण आहे. पहाटे तीनला, गाव झोपलेलं असताना, चेंबरचं झाकण उघडून पाहावं. तेव्हाही नितळ पाणी झुळझुळत असेल, तर ते बहुधा भूजल. नेमकी जागा मग पाइपात कॅमेरा सोडून शोधतात.

दुरुस्तीसाठी रस्ता फोडावाच लागतो असं नाही. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड या अभियंत्याने राळेत भिजवलेली जाड कापडी नळी जुन्या वाहिनीत घातली. पायमोजा उलटा करावा तशी ती पाण्याच्या दाबाने उलटत पुढे सरकते आणि आतून भिंतीला चिकटते. मग गरम पाणी फिरवलं की राळ कडक होते; जुन्या पाइपात नवा पाइप तयार.

आता आपलं पाहू. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या ओढाताणीत पाइपाचे सांधे सुटतात. पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरल्या की त्या फटीतून पाणी आत. उन्हाळ्यात भूजल खोल गेलं की त्याच फटीतून मैला बाहेर, आणि खडकाच्या भेगांतून थेट बोअरमध्ये. नळालाही धोका आहेच. नळाला रोज पाणी नसतं. रिकामी जलवाहिनी फुटकी असली तर आजूबाजूची घाण आत ओढून घेते.

म्हणून, गावात भूमिगत गटाराचं काम निघेल तेव्हा उद्घाटनापेक्षा खंदकाकडे लक्ष ठेवा. माती लोटण्याआधी पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून, पाणी भरून पातळी उतरते का ते पाहायला सांगा. चेंबरचा तळ आणि सांधे प्लास्टर झालेत का, जलवाहिनी गटारापासून लांब आणि वरच्या पातळीवर आहे का, हे विचारा. घराच्या गच्चीचं पाणी मात्र ड्रेनेजला जोडू नका. ते शोषखड्ड्यात सोडा, बोअरच्या कामी येईल.

बुजवलेला खंदक पुन्हा उकरण्याचा खर्च शेवटी घरपट्टीतूनच जातो. तो वाचवायचा असेल तर तपासणीच्या दिवशी दोन माणसं खंदकावर हजर हवीत.