कारवानी कुत्र्याचें शिक्षण

२००५ सालीं भारतीय टपालखात्यानें ‘मुधोळ हाउंड’ म्हणून ज्याच्यावर तिकीट काढलें, तो कारवानी कुत्रा मूळचा दख्खनच्या माळाचा. धाराशिव शहरांतील बंदिस्त अंगणांत तो आला, कीं त्याची दांडगाई सुरू होते : पाहुण्यांच्या अंगावर उड्या, वहाणांच्या चिंध्या. मग साखळी, मग छडी.

पण हा कुत्रा नजरेनें शिकार करणारा. कांहीं पळतांना दिसलें, कीं धन्याची हांक त्याच्या कानांत शिरत नाहीं. दिवसभर बांधलेला तो एके दिवशीं सुटतो आणि गांवाबाहेर, बालाघाटच्या उतारावर चरणाऱ्या उस्मानाबादी शेळ्यांवर धांवतो. करडूं दगावतें आणि कुत्र्याच्याही जिवावर बेततें. छडीनें तो शहाणा होत नाहीं, फक्त जवळ येईनासा होतो.

ऊन चढण्यापूर्वीं, कुंपण असलेल्या मळ्यांत त्यास मनसोक्त पळूं द्यावें; शिकवणें त्यानंतर, लांब दोर बांधून. हांकेस आला कीं तत्क्षणीं भाकरीचा तुकडा द्यावा. उडी मारली तर न ओरडतां पाठ फिरवावी. चारी पाय भुईला टेकले म्हणजे कुरवाळावें. (सारें घर हें पाळतें, आणि आजोबा नेमकें उडीलाच बिस्किट देतात!) हांकेचा सराव आधीं अंगणांत, मग रस्त्यावर, मग दूरवर शेळ्या दिसत असतां करावा. कळप समोरून जात असूनही तो हांकेसरशीं मागें वळूं लागला, म्हणजे मगच दोर सोडावा.