बारा व्होल्टची आरास

(गणेशोत्सवात आरास करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



भाषण करणे हा काही माझा प्रांत नव्हे. माझी उभी हयात प्लँटमध्ये विजेच्या कामात गेली. पण यंदा आरास नव्या मुलांकडे आहे, त्यांना चार गोष्टी सांगा, असा कार्यवाहांचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

आधी माझी चूक सांगतो. 2003 साली मखराभोवती 230 व्होल्टची बल्बांची माळ मीच लावली होती. भाद्रपदातला पाऊस, मांडवात ओल, आणि माळेचा एक जोड उघडा राहिलेला. आरतीच्या गर्दीत एका चिमुरडीचा हात त्याला लागला. मुलगी वाचली, बाप्पाची कृपा. पण तिच्या आईने माझ्याकडे पाहिले ती नजर आजही विसरलो नाही. प्लँटमध्ये शटडाऊन घेतल्याशिवाय मी कधी पॅनलला हात लावला नाही, आणि घरच्या मांडवात मात्र एवढा निष्काळजीपणा!

पुढच्या वर्षी ठरवले, मखराजवळ बाराच्या वर व्होल्ट न्यायचे नाहीत. पॉवर हाऊसच्या बाजारातून पांढरे एलईडी आणि 1 अँपिअरचा 12 व्होल्टचा ॲडॅप्टर आणला. पांढरा एलईडी त्या काळी नवलाईचा होता. तांबडा 1962 पासून होता, पण ज्यावरून पांढरा बनतो तो प्रखर निळा एलईडी 1990 नंतर आला. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले.

आता हिशेब पाहा. पांढऱ्या एलईडीला सुमारे 3.2 व्होल्ट लागतात. तीन एकापुढे एक जोडले की 9.6 झाले. बारातून उरले 2.4. हे उरलेले व्होल्ट रेझिस्टन्सने पेलायचे. प्रवाह 15 मिलिअँपिअर धरला तर उत्तर येते 160 ओहम. बाजारात सहज मिळणारा त्यावरचा आकडा 180, म्हणजे प्रवाह 13 मिलिअँपिअर. अशा आठ ओळी केल्या. चोवीस दिवे, आणि सगळी मिळून वीज सव्वा वॉट!

काही जण विचारतात, रेझिस्टन्स हवाच कशाला? साधा बल्ब तापला की त्याच्या तारेचा विरोध वाढतो आणि तो स्वतःला सांभाळतो. एलईडीचे उलटे आहे. तो तापला की त्याला लागणारे व्होल्ट कमी होतात, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो. लगाम बाहेरूनच घालावा लागतो. आणि प्रत्येक ओळीला लगाम वेगळा, कारण दोन एलईडी कधी अगदी सारखे नसतात.

एवढा हिशेब करूनही तिसऱ्या दिवशी दिवे मंदावले, दोन ओळी तर विझल्याच. पोरे हसली. मग मल्टीमीटर लावला, तर ॲडॅप्टरवर लिहिलेले 12 आणि प्रत्यक्षात 15.5! जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲडॅप्टरचे असेच असते. पूर्ण भार असेल तेव्हा तो 12 देतो, भार थोडा असला की व्होल्ट चढतात. माझा भार फक्त दहावा हिस्सा होता. एलईडीतून दुपटीहून जास्त प्रवाह जात होता. मग 7812 हा तीन पायांचा रेग्युलेटर मधे बसवला. पुढे अनंत चतुर्दशीपर्यंत एकही दिवा विझला नाही. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, दिवे चालू असताना मोजा.

मुलांनो, हल्ली हे सगळे तयार मिळते. 12 व्होल्टची पट्टी नीट पाहा. कापायच्या दोन खुणांमध्ये बहुधा तीन एलईडी आणि एक बारीक रेझिस्टन्स दिसेल. म्हणजे आपलाच हिशेब! आजचे एसएमपीएस ॲडॅप्टर व्होल्टही स्थिर ठेवतात. सगळ्या पट्ट्यांचे अँपिअर मिळवा आणि त्याच्या निदान सव्वापट ताकदीचा ॲडॅप्टर घ्या. ॲडॅप्टरनंतर लगेच फ्यूज टाका. बारा व्होल्टने झटका बसत नसला, तरी तारा एकमेकींना चिकटल्या तर त्या तापून कागदाची आरास पेटू शकते.

शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे. एलईडी म्हटले की लोकांना वाटते, धोका संपला. तसे नाही. बाजारात स्वस्त एलईडी माळा मिळतात, त्या थेट प्लगमध्ये जातात. त्यांतल्या पुष्कळांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच. डब्बीत थोडेसे सामान, आणि पुढे सगळ्या माळेवर 230 व्होल्टचाच संबंध. तिचा उघडा जोड जुन्या बल्बांच्या माळेइतकाच घातक. सुरक्षितता एलईडीमुळे येत नाही, मधल्या चांगल्या ॲडॅप्टरमुळे येते. तो ॲडॅप्टर कोरड्या जागी, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा, आणि मखराकडे फक्त बारा व्होल्ट जाऊ द्या.

त्या चिमुरडीचे आता लग्न झाले आहे. गेल्या वर्षी आपल्या लेकराला घेऊन ती दर्शनाला आली होती. लेकराने हात पुढे करून मखरातला दिवा धरला आणि खुदकन हसले. मी मागे उभा होतो. इतक्या वर्षांनी छातीवरचे ओझे उतरले.