मुक्त ज्ञानकोश आणि जाणकारांचे दायित्व

(कळंबा, जि. कोल्हापूर येथे वाचकांच्या एका मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मराठी विकिपीडियासाठी डेंग्यूविषयीचा मसुदा तयार करावयास मी बसलो होतो. समोर इंग्रजी लेख होता, शब्दकोश होता, आणि आयुष्यभर शिक्षकी केल्यामुळे भाषेचा थोडा अहंकारही होता. मसुदा झाला. तो प्रसिद्ध करण्यापूर्वी, केवळ शुद्धलेखन सोडून आणखी काही राहिले असेल तर पाहावे म्हणून, एका परिचित डॉक्टरांकडे नेला. दवाखाना बंद करता करता त्यांनी तो उभ्यानेच वाचला आणि एका ओळीखाली रेघ मारली. ओळ अशी होती: ‘ताप व अंगदुखी यांवर वेदनाशामक गोळ्या द्याव्यात.’

डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, हे वाचून कोणी घरातली अ‍ॅस्पिरीन पोराला दिली तर? या आजारात रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल एवढेच लिहा, आणि अ‍ॅस्पिरीन, आयबुप्रोफेन देऊ नये हे स्पष्ट शब्दांत लिहा.”

मूळ लेखात तो इशारा होता. अनुवादाच्या ओघात माझ्याकडून तो गळाला. माझे मराठी निर्दोष होते आणि त्यातील माहिती घातक होती. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आज रात्री अकरा वाजता घरात कोणाला ताप भरला तर आपण काय करतो? डॉक्टरांना उठवण्यापूर्वी भ्रमणध्वनी उघडतो. तेथे जे दिसते ते कोणी लिहिले, कोणी तपासले, हे विचारण्याची आपली मनःस्थिती नसते. विकिपीडिया हा लोकांनी, लोकांसाठी, विनामोबदला लिहिलेला ज्ञानकोश आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत त्याचा आरंभ झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी आवृत्ती सुरू झाली. त्यातील बहुतेक पाने आपण बदलू शकतो. ही त्याची शक्ती आहे आणि चिंताही हीच आहे.

मग तज्ज्ञांनी आधी तपासावे आणि मगच प्रसिद्ध करावे, असे कोणी म्हणेल. गंमत अशी की, विकिपीडियाच्या जन्मापूर्वी नेमके हेच करून पाहिले गेले होते. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० मध्ये ‘न्यूपीडिया’ काढला. प्रत्येक लेख विद्वानांच्या हातून सात पायऱ्यांनी तपासून बाहेर पडावयाचा. २००३ मध्ये तो बंद पडला तेव्हा पूर्ण झालेले लेख जेमतेम दोन डझन होते! सँगर यांनी पुढे ‘सिटिझन्डियम’ काढून तज्ज्ञांना मान्यतेचा अधिकार दिला. तेथेही मान्यताप्राप्त लेख दोनशेच्या आतच राहिले. दारावर पहारेकरी बसवला की चोर येत नाहीत हे खरे, पण पाहुणेही येत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राला कोशकार्याचे हे दुखणे नवे नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. एका निर्धन भाषेत, परकीय सत्तेखाली, वर्गणीदार मिळवत गावोगाव हिंडून त्यांनी हे काम १९२० च्या दशकात तडीस नेले. तसे वेड आज कोणाला लागेल? त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. नंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. तेथे विषयवार जाणकारांची नजर प्रत्येक नोंदीवरून फिरत असे. पहिला खंड निघण्यास १९७६ उजाडले. विलंबावर टीका पुष्कळ झाली, पण नोंदीखाली लेखकाचे नाव छापण्याची शिस्त विश्वकोशाने सोडली नाही. आता विद्यापीठे व संस्था यांच्या साहाय्याने ज्ञानमंडळे स्थापून महाजालावर ज्या नव्या नोंदी येतात, त्यांच्याखाली लेखकाबरोबर ‘समीक्षक’ म्हणून तपासणाऱ्याचेही नाव दिलेले असते. मला हे फार मोलाचे वाटते. चूक निघाली तर कोणाला विचारावयाचे, हे वाचकाला कळते.

विकिपीडियावर असे नाव नसते. तेथे पद सांगून भागतही नाही, आणि त्याला कारण आहे. एसजे या टोपणनावाने वावरणारा तेथील एक वजनदार संपादक स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवीत असे. २००७ मध्ये उघड झाले की तो चोवीस वर्षांचा तरुण असून त्याच्याकडे तशी कोणतीही पदवी नाही. तेव्हापासून पदवीपेक्षा संदर्भाला मान, हा तेथील दंडक अधिकच पक्का झाला. आपल्या प्राध्यापकमंडळींना हे सोसत नाही. ‘मी तीस वर्षे हा विषय शिकवला आणि एक पोरगा मला पुरावा मागतो?’ असे एका ज्येष्ठांनी मला संतापून विचारले. मागतो, आणि त्याने मागावा. आपल्याकडे शास्त्रार्थात प्रतिपक्षी वयाने लहान म्हणून त्याचा प्रश्न कोणी बाजूला सारत नसे.

परंतु संदर्भ जोडणे वेगळे आणि संदर्भ तोलणे वेगळे. येथे जाणकाराला पर्याय नाही. शिवछत्रपतींची जन्मतिथीच घ्या. बखरींच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ हे साल सांगितले जाई. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ च्या सुमारास विद्वानांपुढे ठेवली गेली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी स्पष्ट नोंद होती. तंजावरास मिळालेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला. वाद अनेक दशके चालला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने स्वीकारली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी.

आता कल्पना करा. एखादा हुशार, प्रामाणिक तरुण संगणकावर पंचांगाचे गणित मांडतो. त्याला उत्तर मिळते १ मार्च १६३०. ‘सगळेच चुकले!’ म्हणून तो उत्साहाने लेखातील तारीख बदलतो. गणित त्याचे चुकलेले नाही. त्याला ठाऊक नाही ते एवढेच की १९ फेब्रुवारी ही ज्यूलियन दिनदर्शिकेची तारीख आहे आणि १ मार्च ही ग्रेगोरियन. त्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. इतिहासाचा अभ्यासक हे दोन वाक्यांत सांगेल आणि पुढची वीस भांडणे वाचतील. पण तो त्या पानावर असेल तरच!

तज्ज्ञांच्या परीक्षणाने काय साधते याचे प्रत्यंतरही आहे. ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकाने २००५ च्या डिसेंबरात बेचाळीस विषयांवरील विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतील लेख, कोणता कोठला हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार, ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या पद्धतीवर कडाडून आक्षेप घेतला, तो वाद बाजूला राहो. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: चुकांची यादी प्रसिद्ध होताच स्वयंसेवकांनी काही आठवड्यांत आपल्या लेखांतील चुका दुरुस्त केल्या. आणि ज्या डेंग्यूपासून मी आरंभ केला, त्यावरील इंग्रजी लेख जेम्स हाइलमन या कॅनडातील डॉक्टरांनी व सहकाऱ्यांनी सुधारून २०१४ मध्ये ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात रीतसर परीक्षणासाठी दिला आणि तो तेथे प्रसिद्ध झाला. म्हणजे पान खुले राहिले, आणि त्याची एक आवृत्ती विद्वानांच्या चाळणीतून गेली. मला हा मार्ग मानवतो.

आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांची तक्रार असते की, आपल्या इतिहासाविषयी, परंपरेविषयी तेथे एकांगी लिहिले जाते. तक्रार पुष्कळदा खरी असते. परंतु दहा जणांनी रातोरात मजकूर पुसणे हा त्यावरील उपाय नव्हे. मजकूर सकाळपर्यंत परत येतो आणि आपली दहा खाती गोठवली जातात. त्यापेक्षा एका जाणकाराला चर्चापानावर आणा, विश्वसनीय ग्रंथ पृष्ठांकासह ठेवा. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये ही आपलीच रीत आहे. जाणकाराने आपल्याला प्रिय असलेले विधान खोडले, तर तेही मुकाट्याने स्वीकारावे लागेल. ही तयारी नसेल तर तज्ज्ञांना त्रास देऊ नये.

आणि जाणकार म्हणजे केवळ पदवीधर असे समजू नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यावर लिहिताना रसायनशास्त्राचा प्राध्यापक हवाच; पण काहिलीतील रसाची मळी केव्हा काढावी, भेंडीचा रस किती घालावा, काहील चुलवाणावरून कोणत्या क्षणी उतरवावी, हे गुळव्या जाणतो. अडचण अशी की तोंडी ज्ञान तेथे संदर्भ म्हणून चालत नाही. अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करून संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग केला होता. त्याने चर्चा झाली, नियम मात्र बदलला नाही. तेव्हा गुळव्याशी बोलून कोणीतरी ते आधी लिहून, छापून आणले पाहिजे. आपल्या शाळांतील मराठीचे आणि विज्ञानाचे शिक्षक हे करू शकतात.

वृद्ध विद्वानांना संगणकाचा जाच देऊ नये, असा माझा अनुभव आहे. खाते उघडा, संकेतशब्द लक्षात ठेवा, असे म्हटले की ते नमस्कार करतात. आम्ही लेखाची मोठ्या अक्षरांत, रुंद समासाची प्रत काढून देतो आणि आठ दिवसांनी घरी जाऊन परत आणतो. दुरुस्ती स्वयंसेवक करतो, आणि कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पृष्ठावरून केली ते नोंदवतो. ज्यावर संदर्भ मिळत नाही ती सूचना, विद्वान कितीही थोर असले तरी, समासातच राहते. यावरून रुसवे होतात. चहा घेऊन ते निवळतात.

दाराशी टेबलावर तशी काही पाने ठेवली आहेत. त्यांत कळंबा तलावाचेही आहे. एकेकाळी कोल्हापूर शहराची तहान भागविणाऱ्या या तलावाविषयी बांधकाम, पाणलोट, कात्यायनीच्या बाजूने येणारे ओढे हे सारे तपासावयाचे आहे. कोणी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते येथे असतील तर त्यांनी ते न्यावे. १८८६ चे कोल्हापूरचे गॅझेटियर ज्यांच्या घरी किंवा ग्रंथालयात असेल, त्यांनी मला भेटून जावे. एका वेळी एकच पान घ्यावे, परत आणावयाच्या वाराची नोंद वहीत करावी, आणि पेन्सिल मात्र घरचीच वापरावी.